मदत हवी आहे: पाइनच्या बुरशीवर लिंबोळी, लसूण असं काही चालतं का?

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत राहतो, बॅकयार्डात जुनं ऑस्ट्रियन पाइन आहे. गेली दोन वर्षं खालच्या फांद्यांचे नवीन शेंडे वाढता वाढताच तपकिरी होऊन वाळतायत, सुया अर्ध्यातच खुंटतात नि डिंकाने चिकटून बसतात. खाली पडलेले कोन (पाइनची खवलेदार फळं) उचलून बघितले तर खवल्यांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, म्हणजे डिप्लोडिया टिप ब्लाइटच, शेंडे वाळवणारा बुरशीचा रोग. वाळके शेंडे कोरड्या दिवशी छाटले, कोन गोळा करून फेकले, पण झाडावर अजून इतके लटकलेत की काय सांगू! कॉपरचं बुरशीनाशक मारावं तर झाडाखालीच बायकोचे मेथी-कोथिंबिरीचे वाफे, ती मलाच आधी फवारेल.

गावी आम्ही ५ टक्के लिंबोळी अर्क मारायचो, ५ किलो लिंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून १०० लिटर करायचं, पण तो मुख्यतः किडीसाठी. लसणातलं अ‍ॅलिसिन, दालचिनीचं तेल बुरशीला रोखतं हे लॅबमध्ये दिसलंय, पण खऱ्या झाडावर, त्या मेणचट सुयांवर कोणी मारून बघितलंय का? प्रमाण किती, चिकटायला साबण किती, आणि वसंतात कळ्या फुगताना मारायचं की त्याआधीच? स्वतः केलं असेल तरच सांगा, व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नकोत प्लीज.