पर्याय अचूक, वाक्य मात्र चुकीचे: भाषावर्गात तंत्रज्ञान नेमके कुठे वापरावे?

प्रश्न
मी प्रौढ विद्यार्थ्यांना मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकवते. गेल्या सत्रात शब्दसंग्रहासाठी एक अ‍ॅप, दर आठवड्याला ऑनलाइन चाचणी आणि काही चित्रफिती वापरल्या. चाचणीत सर्वांना उत्तम गुण मिळाले. 'शाळात, शाळेत, शाळाला' यांतून 'शाळेत' हा पर्याय त्यांनी क्षणात निवडला. पण 'मुलगी कुठे गेली?' असे समोरासमोर विचारले, तेव्हा त्यांच्याच तोंडून 'शाळात गेली' असे उत्तर आले. सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययापूर्वी बदलणारे शब्दाचे रूप ('शाळा'चे 'शाळे-'), त्यांना ओळखता येते, घडवता येत नाही. साधने अपुरी आहेत की मीच ती चुकीच्या जागी वापरते आहे? कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. बहुपर्यायी प्रश्न केवळ ओळख तपासतो. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले होते. उत्तर बरोबर आले की प्रश्न लिहिलेला पत्ता (कार्ड) पुढच्या खोक्यात आणि चुकले की पुन्हा पहिल्या खोक्यात, ही सेबास्टियन लाइटनर यांची १९७२ मधील पद्धत त्याच विचारावर उभी आहे, आणि वाढत्या अंतराने उजळणी करून घेण्याचे हे काम 'अँकी' ही आज्ञावली २००६ पासून संगणकावर करते. मात्र पत्त्यावर सुटा शब्द ठेवू नये. 'मुलगी … गेली (शाळा)' असे लिहावे आणि पत्ता उलटण्यापूर्वी विद्यार्थ्याने पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणावे. पत्ते त्याने स्वतःच्या चुकांवरून स्वतःच तयार करावेत, असा माझा आग्रह आहे. तयार संचात त्याची चूक नसते.

उत्तर २
माझ्या वर्गात सर्वाधिक उपयोग मोबाइलवरील ध्वनिमुद्रणाचा झाला. विद्यार्थी एक मिनिट बोलतो, ते ऐकून जसेच्या तसे लिहून काढतो, चुका स्वतः खुणावतो आणि त्याच विषयावर पुन्हा बोलतो. एक विद्यार्थिनी 'वेळ' म्हणायला जाऊन दरवेळी 'वेल' म्हणत असे. अनेक आठवडे मी ते सुधारून दिले, तरी फरक पडला नाही. शेवटी तिचा आणि माझा उच्चार पाठोपाठ तीनदा ऐकवल्यावर ती स्वतःच म्हणाली, "माझी जीभ मागे वळतच नाही." त्या दिवसापासून तिचा 'ळ' सुधारू लागला. आवाजाच्या चढउतारासाठी आम्स्टरडॅम विद्यापीठात विकसित झालेली 'प्राट' ही मोफत आज्ञावली पाहावी. 'तू येतोस.' आणि 'तू येतोस?' यांतील फरक पडद्यावरच्या रेषेत स्पष्ट दिसतो.

उत्तर ३
एक सावधगिरी सुचवतो. बोललेले आपोआप लिहून देणारी सुविधा उच्चाराची परीक्षक मानू नये. संदर्भावरून संभाव्य शब्द निवडणे हे तिच्या रचनेतच असल्यामुळे 'मला वेल नाही' असे म्हटले तरी पडद्यावर 'वेळ' उमटू शकते आणि चूक झाकली जाते. लेखन सुधारणाऱ्या साधनांकडूनही दुरुस्त वाक्य मागू नये. चूक कोणत्या शब्दात आहे एवढेच विचारावे, दुरुस्ती विद्यार्थ्याने करावी.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. याच आठवड्यात एका मिनिटाच्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करते. पंचवीस विद्यार्थ्यांचे ध्वनिमुद्रण दर आठवड्याला ऐकणे मात्र मला शक्य होणार नाही.

उत्तर २
सर्व ऐकू नयेत. आळीपाळीने दर आठवड्याला पाच ऐकावीत आणि प्रत्येकाला एकच चूक सांगावी. उरलेल्यांनी जोडीदाराचे ऐकून त्यातील फक्त सामान्यरूपे टिपावीत. दुसऱ्याच्या बोलण्यातले 'शाळात' कानाला खटकू लागले की स्वतःचेही खटकते.