त्वचेच्या पातळीवरचा स्टोमा : पिशवी टिकत नाही

प्रश्न : मी सर्जिकल वॉर्डमध्ये परिचारिका आहे. तातडीच्या शस्त्रक्रियेत आयलिओस्टॉमी (लहान आतडे पोटावर छिद्र करून बाहेर आणणे) करावी लागलेल्या एका बाईंना आज 12 दिवस झाले. स्टोमा, म्हणजे पोटावरचे आतड्याचे तोंड, वर न येता त्वचेच्या पातळीलाच राहिला आहे आणि त्या बसल्या की त्याच्या खाली पोटाची वळी पडते. त्यावर मल गोळा करायला लावलेली पिशवी 6 तासही टिकत नाही. सभोवतालची कातडी सोलवटून ओलसर झाल्यामुळे नवी पिशवी नीट चिकटत नाही, म्हणून मी दर वेळी पेस्टचा थर वाढवत गेले. काल पेस्ट लागताच त्यांनी कळवळून माझा हात घट्ट धरला. माझे काय चुकते आहे?

उत्तर : पेस्ट चिकटवण्यासाठी नसून खळगे बुजवण्यासाठी असते आणि तिच्यात अल्कोहोल असेल तर उघड्या कातडीची फार आग होते. त्याऐवजी अल्कोहोल नसलेली, हाताने आकार देता येणारी रिंग वळीच्या जागी बसवावी. काढलेली बेसप्लेट (पिशवीची कातडीला चिकटणारी चकती) फेकण्यापूर्वी उलटी करून अवश्य पाहा, कारण ती जिथे विरघळलेली दिसते तिथूनच गळती सुरू होते. ओल्या कातडीवर स्टोमा पावडर भुरभुरून जादा पावडर झटकून टाकावी. स्टोमा 6 ते 8 आठवडे आकसत राहतो. म्हणून दर वेळी माप घेऊन भोक त्याच्यापेक्षा सुमारे 3 मिलिमीटरच मोठे कापावे. पोट केवळ झोपवून नव्हे, तर बसवून आणि उभे करूनही तपासावे.

दुसरे उत्तर : अशा स्टोमाला बहिर्गोल बेसप्लेट आणि पट्टा बहुधा उपयोगी पडतो. मात्र स्टोमा आणि कातडी यांच्यामधले टाके सुटलेले असतील, तर शल्यचिकित्सकांना दाखवल्याशिवाय तसा दाब देऊ नये.

तिसरे उत्तर : 24 तासांचा स्राव मोजता का? तो दीड-दोन लिटरच्या वर जात असेल, तर उत्तमातली उत्तम पिशवीही टिकणार नाही. तहान लागते म्हणून नुसते पाणी पाजत राहिल्यास मीठ आणखी वाहून जाते. क्षार-साखरेचे द्रावण, रक्तातील सोडियम आणि जेवणापूर्वी अर्धा तास लोपेरामाइड (आतड्याची हालचाल मंदावणारे औषध), याविषयी डॉक्टरांशी आजच बोलावे. पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करावी.

प्रश्नकर्ती : टाके शाबूत आहेत. बेसप्लेट बरोबर वळीच्या जागी विरघळलेली आढळली. स्राव मात्र आम्ही अंदाजानेच लिहीत होतो. आज दुपारपासून मापपात्रात मोजायला सुरुवात केली असून डॉक्टरांनाही कळवले आहे. उद्या सकाळी, बाईंनी काही खाण्यापूर्वी, रिंग लावून पिशवी बदलेन.