सांगोला: एकगठ्ठा म्हणण्याआधी

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघाबद्दल 'सांगोला म्हणजे पन्नास वर्षं एकगठ्ठा शेकाप (शेतकरी कामगार पक्ष)' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. शेकापचे गणपतराव देशमुख १९६२ पासून ११ वेळा निवडून आले, पण १९७२ आणि १९९५ ला पडले. १९७२ ची जागा त्यांनी १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत घेतली, म्हणून फक्त सार्वत्रिक निकालांचे तक्ते जुळवलेत तर एक विजय गायब दिसतो. १९९५ चा पराभव १९२ मतांचा, २०१९ ला पक्षाचा पराभव ७६८ चा. दोन्ही वेळा समोर शहाजीबापू पाटीलच, आधी काँग्रेसकडून, मग शिवसेनेकडून. २०२४ ला जागा पुन्हा शेकापकडे. याला एकगठ्ठा कसं म्हणायचं?

आणखी एक, २००४ आणि २००९ ची मतांची टक्केवारी सरळ शेजारी ठेवू नका. मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना झाली, पंढरपूर तालुक्यातली काही गावं इकडे आली. खरी तुलना हवी तर नमुना २० (निवडणूक निकालाचा अधिकृत तक्ता) काढा, त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. मात्र केंद्र क्रमांकावरून जुळवायला जाल तर फसाल. एखाद्या गावात नवं केंद्र वाढलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. गावाच्या नावानं बेरीज करा, टपाली मतं वेगळी ठेवा.