अक्सुमचे देव उसने होते का?

शिलालेखप्रेमी (धागाकर्ता):
चौथ्या शतकात अक्सुम या इथिओपियातील प्राचीन राज्याच्या एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यापूर्वी इथिओपियाच्या उत्तरेकडील पठारावर जे देव पूजले जात, ते सगळे तांबडा समुद्र ओलांडून येमेनमधून आले, असे इतक्या ठिकाणी लिहिलेले आढळते की त्यावर शंका घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मला ते अर्धसत्य वाटते. अक्सुमच्या राजांचे कुलदैवत महरेम होते. एझाना स्वतःला त्याचा पुत्र म्हणवतो आणि त्याच्या ग्रीक लेखात हाच देव ‘अजिंक्य आरेस’ या ग्रीक युद्धदेवाच्या नावाने येतो. बेजा टोळ्यांवरील विजयानंतर एझानाने त्याला सोन्याची एक, चांदीची एक आणि काशाच्या तीन मूर्ती अर्पण केल्याचे त्या लेखात नोंदवले आहे. येमेनमधील प्राचीन सबा राज्याचा प्रमुख देव अल्मकाह मात्र या विजयलेखात कोठेही नाही. धर्म जर उसना होता, तर त्यातला मुख्य देवच कसा गळून पडला?

पाथरवट:
आपण कथा शेवटाकडून सुरू केलीत, म्हणून आपल्याला अल्मकाह दिसला नाही. उत्तर इथिओपियातील, एझानाच्या हजारेक वर्षे आधीचे येहाचे मंदिर पाहा. चुना न वापरता एकमेकांत बसवलेल्या घडीव दगडांच्या त्याच्या भिंती आजही सुमारे १४ मीटर उंच उभ्या आहेत, आणि ते मंदिर अल्मकाहचेच होते. त्याच भागातील वुक्रो गावाजवळ मेकाबर गाएवा येथे सापडलेल्या यज्ञवेदीवर सबाच्या लिपीत वारान राजाचा लेख आहे. त्यात अस्तर, अल्मकाह, धात हिम्याम आणि धात बादान ही नावे येतात, आणि हेच देव सबाची राजधानी मारिबच्या परिसरात पूजले जात. देव, लिपी, बांधकामाची पद्धत हे सारे पलीकडचे असताना त्याला स्थानिक म्हणणे मला अभिमानाचे वाटते, अभ्यासाचे नव्हे. शिवाय अल्मकाह गळाला तरी अस्तर एझानाच्या काळापर्यंत टिकला, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे.

शिलालेखप्रेमी:
अस्तरबाबतचा आक्षेप मान्य आहे. तो मुद्दा मी वगळायला नको होता. मात्र आपण ज्या वेदीचा दाखला दिलात, तिच्यावरील लेख पुन्हा वाचावा, अशी विनंती आहे. तेथे राजा पित्याबरोबर आपल्या मातेचेही नाव देतो, आणि सबाच्या राजांच्या लेखांत ही रीत नाही. याचा अर्थ असा की लिपी आणि देवांची नावे पलीकडून आली तरी त्यांच्यापुढे उभा राहणारा राजा आपली ओळख आपल्या मातीतल्या पद्धतीनेच सांगत होता. ‘वसाहतकारांनी धर्म आणला आणि स्थानिकांनी तो मुकाट्याने स्वीकारला’ हे जुने चित्र येथे मोडते.

केशरी पान:
दोघेही दगडांतच अडकला आहात. इथिओपियाची परंपरा सांगते की शेबाची राणी शलमोनाला भेटली, तिचा पुत्र मेनेलिक कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) घेऊन आला आणि ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधी हा देश एका देवाला मानू लागला. लोकांची ही श्रद्धा विचारात घ्यायचीच नाही काय?

पाथरवट:
श्रद्धा म्हणून तिचा आदर आहे. परंतु ही कथा सांगणारा ‘केब्रा नेगेस्त’ हा ग्रंथ गीझ या इथिओपियाच्या प्राचीन भाषेत चौदाव्या शतकात सिद्ध झाला, आणि एझानापूर्वीच्या राजलेखांत इस्राएलच्या देवाचा उल्लेख नाही. त्या काळातील नाण्यांवर चंद्रकोर आणि वर्तुळ आहे. क्रूस एझानाच्याच कारकिर्दीत येतो. एका राजाच्या आयुष्यात चिन्ह बदलले, आणि ते नाण्यांवर हातात धरून पाहता येते.

नाणेसंग्राहक:
चिन्ह बदलले, हे खरे. पण ते एका रात्रीत बदलले असे समजू नये. एझानाच्या गीझ भाषेतील एका लेखात महरेम नाही आणि ख्रिस्तही नाही. तेथे केवळ ‘स्वर्गाचा स्वामी’ आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावे स्पष्टपणे ग्रीक लेखात येतात. माझ्या मते राजा दोन प्रजांशी दोन भाषांत बोलत होता: परदेशी व्यापाऱ्यांना त्याने नवा धर्म उघड सांगितला, तर घरच्यांसमोर तो जुन्या लोकांनाही खटकणार नाही अशा शब्दांत मांडला. धागाकर्त्यांचा ‘स्थानिक’ मुद्दा मला येथे अधिक पटतो. अस्तर आणि महरेम यांच्याबरोबर बेहेर हाही पूजला जाई, आणि गीझमध्ये आजही देवाला ‘इग्झिअब्हेर’, म्हणजे ‘बेहेरचा स्वामी’, म्हणतात.

पाथरवट:
येथे मात्र थांबावे. ‘बेहेर’ म्हणजे भूमी, प्रदेश, आणि गीझमधला हा नेहमीचा शब्द आहे. ‘इग्झिअब्हेर’चा सरळ अर्थ ‘भूमीचा स्वामी’ एवढाच होतो. त्यात जुना देव लपला आहे असे म्हणायला स्वतंत्र पुरावा हवा. शिवाय तांबड्या समुद्रावरील अक्सुमच्या अदुलिस बंदरावरील ज्या लेखाची नक्कल कॉस्मास या प्रवाशाने सहाव्या शतकात केली, त्यात राजा समुद्रावर जाणाऱ्यांसाठी झ्यूस, आरेस आणि पोसायडन यांना बळी देतो. त्यातील ग्रीक समुद्रदेव पोसायडन म्हणजेच बेहेर, असे मानणारे अभ्यासक आहेत. मग आपला बेहेर भूमीचा की समुद्राचा?

शिलालेखप्रेमी:
पठारावर शेतकऱ्याचा आणि बंदरावर खलाशाचा, असे असण्यास काय हरकत आहे? एकच नाव दोन ठिकाणी दोन कामे करू लागते, ही उसन्या देवाची नव्हे, रुळलेल्या देवाची खूण आहे.

पाथरवट:
हरकत एवढीच की हे आपण सुचवत आहात. लेख तसे म्हणत नाही.