मायक्रोअ‍ॅरे: स्लाइडच्या कडेचे ठिपके हिरवे पडतात, लोएस या सांख्यिकी दुरुस्तीने निस्तरेल का?

प्रश्न:
यीस्टची दोन रंगांची मायक्रोअ‍ॅरे स्लाइड आहे, म्हणजे काचेवर जनुकांच्या डीएनएचे ठिपके. साध्या तापमानाचा नमुना साय३ या हिरव्या रंगाने, उष्णता दिलेला साय५ या लाल रंगाने रंगवलाय. स्कॅन १० मायक्रॉनवर, दोन्ही रंगांची पीएमटी (स्कॅनरमधली प्रकाश वाढवून मोजणारी नळी) ६०० वर. मधले ठिपके ठीक आहेत, पण कडेला लाल फिका पडलाय. वीस मिनिटांनी पुन्हा स्कॅन केल्यावर हिरवा पट्टा आणखी रुंद झाला. शिवाय वीसेक ठिपक्यांची तीव्रता थेट ६५,५३५ वर. आता काय करावं?

उत्तर १:
पट्टा रुंदावतोय म्हणजे साय५ मरतोय, आणि पहिला संशय हवेतल्या ओझोनवर. ५-१० पीपीबीसुद्धा (अब्ज भागांत ५-१० भाग) पुरतो. साय३ला तेवढ्याने फारसं काही होत नाही. खात्री करायची तर पुढच्या स्लाइडचा एक भाग पहिल्या वेळी स्कॅनच करू नका. तोही हिरवा पडला तर दोष स्कॅनरच्या लेसरचा नाही, हवेचा.

स्लाइड सुकली की नुकसान सुरू होतं. म्हणून शेवटच्या ०.०५ एक्स एसएससीतून (धुण्याचं पातळ क्षारद्रावण) काढून लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सुकवा, बंद काळ्या डबीत ठेवा आणि ताबडतोब स्कॅन करा. एका वेळी दोनच स्लाइड धुवा. उन्हाळ्यात दुपारी ओझोन चढलेला असतो, तेव्हा हे काम सकाळी उरका. खोलीत कार्बन फिल्टर असेल तर उत्तमच.

उत्तर २:
६५,५३५ ही १६ बिटांची कमाल. त्यावरचं सगळं कापलं जातं. समजा लाल खरा १,६०,००० आणि हिरवा २०,०००, म्हणजे ८ पट. तुमच्या फाइलीत मात्र ३.३ पटच दिसेल. उष्णतेच्या प्रयोगात असे ठिपके बहुधा एचएसपी१२, एचएसपी२६ या उष्णतेने जोरात वाढणाऱ्या जनुकांचे असतात, म्हणजे नेमकं जे मोजायचं तेच हातचं जातं. कुठलंही गणित ते परत आणत नाही. पीएमटी दोन्हीकडे सारखी ठेवू नका. दोन्ही रंगांचा एकूण प्रकाश जुळेल अशी वेगवेगळी लावा आणि एखाद-दुसराच ठिपका कमाल गाठेल इतपत खाली आणा.

उत्तर ३:
लोएस तीव्रतेनुसार येणारा रंगाचा कल काढतो; कडेला उडालेला साय५ त्याला कळत नाही. ही स्लाइड बाद धरा. पुढच्या वेळी रंगांची अदलाबदल करून दुसरी स्लाइड नक्की घ्या. लाल-हिरव्याच्या लॉग गुणोत्तराचं चिन्ह उलटलं तर फरक जनुकाचा, तसंच राहिलं तर रंगाचा. आणि हिरवा ठिपका दिसला की लगेच चूक समजू नका: उष्णतेने रायबोसोमच्या प्रथिनांच्या जनुकांचं काम खरोखरच मंदावतं.

पार्श्वभूमीवर हिरवी धूसर झाक असेल तर ती बहुधा उरलेल्या एसडीएस या डिटर्जंटची. ती वजा करताना फिके ठिपके ऋण होतात. लिम्मात (आर भाषेतलं मायक्रोअ‍ॅरेचं पॅकेज) नॉर्मएक्स्प ही पार्श्वभूमी वजा करण्याची पद्धत, ऑफसेट ५० देऊन वापरा.