घोडेस्वारीची शाळा बदलावी का?

प्रश्न (एक पालक, इंदूर):
माझी अकरा वर्षांची मुलगी दीड वर्षापासून घराजवळ घोडेस्वारी शिकते. तेथील घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दारकाकांचा आणि घोड्याचा तिला लळा आहे, परंतु गेले सहा महिने ती दुडकीच्या, म्हणजे चालणे आणि दौड यांच्यामधल्या गतीच्या, पुढे सरकलेली नाही आणि एका शिक्षकाकडे एका वेळी आठ मुले असतात. महूच्या वाटेवरील दुसरी शाळा चांगली वाटते, पण जाण्यायेण्यात दोन तास मोडतील. शाळा बदलावी का?

प्रतिसाद १:
सहा महिने दुडकीत जाणे हा दोष मानू नये. रिकिबीत (खोगिराच्या पायकडीत) पाय न ठेवता तोल सांभाळता येण्याआधीच दौडीची घाई करणारी शाळा मला अधिक संशयास्पद वाटते. आठ मुले मात्र फार झाली.

प्रतिसाद २:
ताई, नव्या शाळेत शिकवणीच्या अर्धा तास आधी, न कळवता जा. खोगिराच्या जागी घोड्याच्या पाठीवर चट्टे किंवा दाबामुळे उगवलेले पांढरे केस आहेत का, नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतो का आणि एक घोडा दिवसात किती तास चालवला जातो, हे पाहा व विचारा. उत्तर टाळले, तर परत फिरा.

प्रतिसाद ३:
आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हाजेला २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीतल्या ड्रेसाज या प्रकाराचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चमूत होत्या. तो प्रकार म्हणजे घोड्याच्या चालीतली शिस्तच; तेव्हा दुडकीला कमी लेखू नका. सध्याच्या शिक्षकांकडे आठवड्यातून एक स्वतंत्र तास मागून पाहिला का?

प्रश्नकर्ती:
नाही, मागितला नव्हता. आधी तेच विचारते, आणि रविवारी महूच्या वाटेवरील शाळेत न कळवता जाऊन येते.