दगडी जहाजापुढे मस्तक का झुकवावे?

किनाऱ्यावरचा
लिस्बनहून परतलेल्या ‘मचवा’ या सदस्याने काल या मंचावर लिहिले की, तिथल्या बेलें भागातील शोधस्मारकापुढे, म्हणजे पोर्तुगीज दर्यावर्दींच्या स्मारकापुढे, त्यांचे मस्तक आपोआप झुकले. वर जुन्या जखमा कुरवाळणाऱ्यांना चिमटाही काढला. म्हणून हे उत्तर. तेजो नदीकाठचे जहाजाच्या आकाराचे ते पन्नासहून अधिक मीटर उंच स्मारक दर्यावर्दींनी उभारलेले नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९४० च्या प्रदर्शनासाठी तो तात्पुरता देखावा मांडला आणि सागरी मोहिमांचा आश्रयदाता राजपुत्र हेन्री याच्या ५०० व्या पुण्यतिथीला, १९६० साली, काँक्रीट व दगडात पक्का केला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला. साम्राज्य हातचे निसटत असताना केलेल्या जाहिरातीला इतिहास म्हणू नये.

मचवा
मी सालाझारचा वकील नाही. परंतु त्या दगडी जहाजाच्या पुढच्या टोकावर हातात लहानसे गलबत धरून उभा असलेला हेन्री आणि त्याच्यामागे दोन्ही अंगांनी चढ चढणारे ३२ जण, त्यांत कवी कामोंइशही, पाहताना मला माझे आजोबा आठवले. ते मालवणचे तांडेल होते. किनारा दिसेनासा झाला की पोटात काय होते, ते घरबसल्यांना कळणार नाही.

गोंयकार
त्याच ३२ जणांत १५१० साली गोवा घेणारा आल्बुकर्क आहे, आणि १५०२ साली मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसह जाळणारा वास्को द गामाही. पण लिस्बनला कशाला बोल लावता? आल्बुकर्कचा पुतळा आपण जुन्या गोव्याच्या संग्रहालयात हलवला. गोव्यातल्या बंदराच्या शहराचे नाव मात्र वास्कोच. रेल्वेच्या तिकिटावर ते वाचताना दर वेळी माझे डोके फिरते.

किनाऱ्यावरचा
विषय स्मारकाचा आहे, तिकिटाचा नाही.

झुआरीपलीकडे
गोंयकार, माझी आई ‘वास्कोला जाऊन येते’ म्हणते तेव्हा तिच्या मनात बाजार असतो, गामा नसतो. जिभेवर झिजून त्या नावातला खलाशी केव्हाच गेला.

गोंयकार
आपल्या आईच्या पिशवीने इतिहास धुऊन निघत असेल, तर प्रश्नच मिटला!

किनाऱ्यावरचा
पुन्हा तेच! स्मारकासमोरच्या फरशीवर ५० मीटर व्यासाचे दिशाचक्र आहे. ते १९६० साली दक्षिण आफ्रिकेने, म्हणजे वर्णभेदी राजवटीने, भेट दिले. मचवा, आपण त्यावर उभे राहूनच छायाचित्र काढले असेल.

मचवा
काढले. पाटी वाचली नाही, हे कबूल. आपण सर्वज्ञ आहात, हेही कबूल. ‘मस्तक झुकले’ हे शब्द मागे घेतो. आजोबांविषयीचे मात्र नाही.